येळवशीची दुरडी

डोस टोचल्यावर पोर इतकं रडलं, की रडता रडताच झोपलं. मांडीवरच्या सुईच्या जागेला धक्का लागू नये म्हणून दानेश्वरीनं त्याला डाव्या खांद्यावर घेतलं आणि वरनं पदर ओढला. दवाखान्याच्या फाटकातनं उजवीकडं गेलं की गावाकडं जाणाऱ्या होटगीच्या जीपा लागतात. ती डावीकडं वळली, मंडईकडं.

घरी तिनं डोसाचंच सांगितलं होतं. डोस खरा होता. त्यामुळं निघताना खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. आता वाटत होतं.

शेंगांचा ढीग लावून बसलेल्या एका म्हातारीपुढं ती थांबली.

"काय घेतीस बाई?"

"वटाणा. वाल. तुरीच्या शेंगा हायत का?"

"हायत की. उद्या येळवस न्हवं का." म्हातारीनं तराजू पुढं ओढला. "आन् तुला शेत न्हाय व्हय गं?"

दानेश्वरीनं पोराच्या डोक्यावरचं टोपरं उगीच सारखं केलं.

"न्हाय," ती म्हणाली. "शेत न्हाय आमाला."

सीनेकाठचं रान, लग्न होऊन आल्यापासनं जिथं तिनं सासूच्या बरोबरीनं खुरपं चालवलं, ते एका शब्दात गेलं. पुरानं नुसती वरची माती नेली होती.

"मग इकत कशाला घेतीस? कुनाच्या बी रानातल्या कोपीत जाऊन बस. येळवशीला कोन कुनाला उठवून लावतंय?"

"वटाणा कुठला हाय?"

"जबलपूरचा. साखरंवानी गोड हाय. टाक की तोंडात."

गोड होता. शेंगा सगळ्या एका मापाच्या, चकचकीत, टच्च भरलेल्या. सीनेकाठच्या रानात असली शेंग एका वेलाला एखादी लागते. बाकीच्या वाकड्या, कुठं अळीनं भोक पाडलेलं. दानेश्वरी बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मावशी, थोडी बारकी, किडकी बी घाला त्यात."

म्हातारीचा हात थांबला. "किडकी?"

"थोडीच."

"किडकी मागनारं गिऱ्हाईक मी आजच बघाय लागले," म्हातारी म्हणाली, आणि मागच्या टोपलीतल्या, गाईला टाकायला ठेवलेल्या शेंगांची ओंजळ तिच्या पिशवीत टाकली. त्याचे पैसे घेतले नाहीत. दानेश्वरीला ते पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं.

पिशवीवर तिनं पोराची दुपटी आणि लंगोट पसरले.

जीपमध्ये शेजारच्या रानातली गौरम्मा भेटली. मागच्या बाकावर सरकून तिनं जागा केली आणि पोराला मांडीवर घेतलं.

"डोस झाला? लई रडला का गं?"

"लई."

"ताप यील रातीला. जपा." गौरम्मानं पोराचे पाय चोळले. "आन् सासू काय म्हनती तुझी, अव्वा? बाहीर पडती का न्हाय?"

"देवळापतूर बी येत न्हाईत."

"असं कसं गं. उद्या तर यावंच लागतंय."

रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर जीप आदळली. पायाशी ठेवलेली पिशवी कलंडली, दुपट्याच्या खालनं एक वटाण्याची शेंग निसटली आणि गौरम्माच्या चपलेला येऊन टेकली. दोघींनीही बघितली. दानेश्वरीनं वाकून पिशवी उभी केली. शेंग उचलायला तिचा हात गेला नाही.

"औषधं लई दिली वाटतं डाक्टरनं," गौरम्मा म्हणाली.

"व्हय. तापाची."

गौरम्मानं पाय जरासा बाजूला घेतला आणि बाहेर बघायला लागली. गाव येईपर्यंत ती पोराशी बोलली, दानेश्वरीशी नाही.

घरी आल्यावर बघते तर सासू, ईरम्मा, मोरीत बसून दुरडी घासत होती. बांबूची जुनी दुरडी, काठाला तांब्याची तार गुंडाळलेली. राखेनं घासून, धुऊन म्हातारीनं ती उन्हात पालथी घातली.

पूर वसरल्यापासनं ईरम्मा रानात गेली नव्हती. सीनेच्या पाण्यानं वरची काळी खरवडून नेली आणि जाता जाता पांढरा गाळ टाकला. तूर कुजली. उडीद तर आधीच गेला होता. जमेल तेवढा गाळ काढून दानेश्वरीच्या नवऱ्यानं, सोमेशनं, उशिरानं शाळू ज्वारी पेरली, ती कुठं उगवली, कुठं नाही. मग सोमेश सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात जायला लागला. ईरम्मा उंबऱ्यावर बसायची आणि कुणी रानाचं काढलं की पोराचे लंगोट वाळलेत का बघायला उठायची.

त्या शिवारात येळवशीची, म्हणजे वेळ अमावास्येची, रीत अशी, की सकाळी बायका दुरडी घेऊन बांधाबांधानं निघतात. ज्याच्या रानात जे, ते दुसऱ्याच्या दुरडीत. कुणी वाल, कुणी तूर, कुणी हरभऱ्याचा पाला, चाकवत, गाजरं, चिंच. सगळं एका हंड्यात बेसन-ताकात शिजतं, त्याची भज्जी. म्हणून त्या दिवशी कुठल्याही कोपीत जेवा, चव एकच. आणि ज्याचं रान बुडालं, त्यानं रिकामी दुरडी घेऊन जायचं. ती भरून येते. तीही रीतच.

ईरम्माची दुरडी आजवर भरलेलीच गेली होती. रिकामी दुरडी काखेत धरून तिनं कुणाच्या बांधावर उभं राहायचं, हे दानेश्वरीच्या डोळ्यांपुढं येतच नव्हतं. आलं की तिचं दूध आटल्यासारखं व्हायचं.

त्यात सोलापूरची माणसं यायची होती. अंकिता आणि तिच्या गटातली घरं. ही माणसं जिल्ह्यात पिकतं तेच खातात, पेरणाऱ्याच्या घरनं घेऊन. ईरम्माचा शाळू त्यांच्याकडं जायचा, पिशवीवर ईरम्माचं नाव घालून. मागच्या येळवशीला ती सगळी कोपीत मांडी घालून जेवली होती. आठवड्याखाली अंकिताचा फोन आला होता. "दानेश्वरी, पुरानं काय ठेवलंय ते मला माहीत आहे. जे असेल ते खाऊ आपण. नसलंच तर नुसती आंबील पिऊ."

"यावा की," दानेश्वरी म्हणाली होती. "हाय सगळं."

हे तिनं का म्हटलं, ते तिलाच कळलं नव्हतं.

पहाटे पोराला पाजता पाजता तिनं एका हातानं शेंगा निवडल्या. दिवस उगवायला तिघं रानात पोचली. डोक्यावर आंबिलीचा डेरा, वाफवलेल्या पिठाच्या उंड्यांची टोपली, सोमेशच्या खांद्यावर हंडा. सोमेशनं कडब्याची कोप आदल्या दिवशीच उभी केली होती. आत त्यानं पाच दगड मांडले आणि चुन्यानं रंगवून त्यांचे पांडव करायला घेतले.

ईरम्मा कोपीत गेली नाही. रानाकडं तिनं एकदाच बघितलं, गाळाच्या भेगांकडं. मग बांधावर, वाटेला तोंड करून बसली. मांडीवर दुरडी.

"अव्वा, थंडी हाय. आत बसा."

"असू दे. येतील की आता सगळ्या. त्यांच्यासंगं निघते."

ऊन बांधावरनं खाली उतरलं. पलीकडच्या रानातनं बायकांच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. वाटेनं दोघी दिसल्या, दुरड्या भरलेल्या. ईरम्मा सावरून बसली. त्या खालच्या बांधानं वळून गेल्या.

"ओढ्यापल्याडची महानंदा कशी आली न्हाय अजून?" ईरम्मा म्हणाली. "दरसाल पयली ती असती."

दानेश्वरीनं चूल पेटवली. फुंकणीनं फुंकताना तिचे डोळे पाण्यानं भरले. धूर होता म्हणून बरं. हंड्यात पाणी ओतलं. मग दुसरं काही करायचं उरलं नाही, म्हणून पिशवी काढली.

ईरम्मा वळून बघत होती.

"ते कुटलं?"

"आनलंय."

"कुनी दिलं?"

पोर रांगत पिशवीकडं जायला बघत होतं. दानेश्वरीनं त्याला ओढून जवळ घेतलं. सोमेश चुन्याचा हात तसाच धरून उभा राहिला.

ईरम्मा उठली, गुडघ्यावर हात टेकत आली. एक शेंग घेऊन तिनं अंगठ्यानं फोडली, दाणा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"गोड हाय," ती म्हणाली. "मंडईत गेलतीस?"

"व्हय."

"कुनी बघितलं?"

"गौरम्माक्कानं."

"मग आता कोन येत न्हाय." ईरम्मानं शेंगेचं टरफल चुलीत टाकलं. "मला इचारायचं हुतंस गं."

"अव्वा, तुमाला हात पसराय लागू नये म्हनून मी..."

"मी पसरनार हुते." म्हातारीचा आवाज चढला नाही, त्यामुळंच दानेश्वरीला मान वर करता येईना. "पानी वसरल्यापासनं मनाला समजावतीया मी. जन्मभर दिलं, औंदा घ्यायचं. कसं उभं ऱ्हायचं, काय म्हनायचं, समदं ठरीवलं हुतं. काल दुरडी घासली ती काय द्यायला घासली व्हय? द्यायला हाय काय आपल्यात?"

सोमेश म्हणाला, "मी जाऊन येतो महानंदाक्काकडं."

"तू बस." ईरम्मानं दुरडी दानेश्वरीच्या हातात दिली. "मी गेले असते तर मागायला गेले असते. आता मागायचं न्हाय, सांगायचं हाय. तुझं तूच सांग."

"पावनी येतील एवढ्यात."

"येऊ देत. पानी पितील."

महानंदाचं रान उंचावर, पूर तिथवर गेला नव्हता. तिथं जायला ओढा ओलांडावा लागतो. एका कडेवर पोर, एका काखेत दुरडी, दानेश्वरी दगडांवरनं जाताना दोनदा घसरली. तिला वाटलं, पडले असते, लागलं असतं, तर सांगायला सोपं गेलं असतं.

कोपीपुढं बायका शेंगा सोलत बसल्या होत्या. गौरम्मा होती. महानंदा उभ्यानं हंडा ढवळत होती.

"या या, मंडईवाल्या!" कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"काय राहिलं गं आनायचं? मीठ का?"

"तापाची औषधं संपली असतील," गौरम्मा म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला.

महानंदा हसली नाही. तिनं ढवळणंही थांबवलं नाही.

"महानंदाक्का."

"बोल की."

"चुकलं माझं."

"काय चुकलं? पैशाचं आनलंस, चोरून न्हाय आनलंस."

"चोरूनच आनलं," दानेश्वरी म्हणाली. "दुपट्याखाली झाकून आनलं. अव्वाला ठावं न्हवतं. त्यास्नी रिकामी दुरडी घेऊन यावं लागंल, ह्याची मला लाज वाटली."

"लाज." महानंदानं पळी हंड्याच्या काठाला आपटली. "पानी घरात शिरलं तवा ह्या पोराला छातीला बांधून कंबरंएवढ्या पान्यातनं आनलं मी. माझ्या खोपीत तू ओल्या अंगानं पाजलंस त्याला. तवा वाटली का लाज?"

"न्हाय."

"मग ओंजळभर शेंगा घ्यायला वाटली?"

पोरानं महानंदाला ओळखलं होतं. पुरानंतर पंधरवडाभर ते तिच्याच अंगावर झोपलं होतं. दोन्ही हात पुढं करून ते तिच्याकडं झेपावलं. महानंदानं हात पुढं केले नाहीत. पोर पुन्हा झेपावलं, मग आईकडं बघून ओठ काढायला लागलं. दानेश्वरीनं त्याचं तोंड खांद्यात दाबून धरलं.

"चल हिकडं," महानंदा म्हणाली.

कोपीमागं वटाण्याचा वाफा होता. सगळे वेल तोडून मोकळे झाले होते. कडेची एक ओळ तेवढी शेंगांनी वाकलेली.

"तुमची ओळ. पोरांना बी हात लावू दिला न्हाय मी. येळवशीला अव्वा यील, तिच्या हातानं तोडंल म्हनलं. काल गौरम्मानं सांगितलं, त्यांनी त्यांची सोय केली. म्हनलं, बरं. आमच्या मातीचं आता त्यांच्या पावन्यास्नी चालत नसंल." तिनं तोंड फिरवलं. "तोड. तुझ्याच हातानं तोड."

दानेश्वरी पोराला कडेवर घेऊनच वाकली. वाकड्या, लहानमोठ्या शेंगा. दव अजून पूर्ण उडालं नव्हतं, बोटं गारठली. कंबर भरून आली. पोर वेल ओढत होतं. तिनं ओळ शेवटापर्यंत तोडली. महानंदा तोवर तिथंच उभी होती. मदतीला वाकली नाही, निघूनही गेली नाही.

परत येताना बायकांनी एकेक ओंजळ टाकली. वाल, तूर, चाकवताची जुडी, चिंचेचे आकडे. गौरम्मानं गाजरं टाकली आणि म्हणाली, "जीपमधी तुझी एक शेंग पडलीया गं. ती मातूर ड्रायव्हरनं खाल्ली."

ह्या वेळी दानेश्वरीही हसली असती. पण महानंदा हसली नव्हती.

ती परतली तेव्हा पाहुणे आले होते. मंडईची पिशवी कुठं दिसली नाही. बांधाला बांधलेली गाय काहीतरी हिरवं चघळत होती. अंकिता उठून पुढं आली, तिनं दुरडी हातात घेतली. शहरातल्या बायका-माणसं गोल करून शेंगा सोलायला बसली. ईरम्मानं स्वतः भज्जी केली. सोमेशनं पाच पांडवांना निवद दाखवला आणि आंबिलीचा तांब्या घेऊन "हुलिग्यो, हुलिग्यो" अशी येळवशीची हाळी देत रानाला फेरी घातली. गाळाच्या भेगांत आंबील पडायची आणि दिसेनाशी व्हायची.

जेवताना अंकितानं विचारलं, "अव्वा, ह्यात तुमच्या शेतातलं काय काय आहे?"

दानेश्वरीचा हात भाकरीवर थांबला.

"काय बी न्हाय," ईरम्मा म्हणाली. "वटाणा महानंदाचा. वाल, तूर खालच्या बांधावरल्या बायकांची. गाजरं गौरम्माची. भाकरी मागल्या सालच्या शाळूची, तेवढी आमची. औंदा तुमाला द्यायला शाळू हुनार न्हाय. महानंदाकडनं घ्या. पिशवीवर तिचं नाव घाला."

पाहुण्यांपैकी एकजण उत्साहानं म्हणाला, "पण आजी, हीच तर खरी गंमत आहे, की सगळ्यांचं मिळून..."

अंकितानं त्याच्याकडं बघितलं.

"पुढच्या साली पिकलं तर?" अंकितानं हळूच विचारलं.

"पुढलं पुढल्या साली," ईरम्मा म्हणाली आणि तिच्या ताटात उंडा वाढला. दानेश्वरीच्या ताटातही वाढला, तिच्याकडं न बघता.

जेवण झाल्यावर बायका ह्या कोपीतनं त्या कोपीत घास खायला जायला लागल्या. ईरम्माच्या कोपीत गौरम्मा येऊन गेली, बाकीच्या आल्या. भज्जी चाखली, पाहुण्यांना बोरं दिली. महानंदा आली नाही. ऊन कलायला लागलं तशी ईरम्मानं एक ताट वाढलं, वर जुन्या पदराचं फडकं झाकलं.

"तिला देऊन ये. शाळूचं सांगू नको. मोबदला दिल्यावानी हुईल."

"आन् खाल्लं न्हाय तर?"

"तर परत आनू नको. तितंच बस."

महानंदा ओढ्याच्या काठाला हंडा घासत होती. बाकी सगळे पांगले होते. दानेश्वरीनं ताट दगडावर ठेवलं.

"अव्वानं दिलंय."

"ठीव."

दानेश्वरी बसली. पोर मांडीवर पेंगत होतं. महानंदानं हंडा घासून पालथा घातला. कढई घासली. म्हशीला पाणी दाखवून आली. भज्जीवर साय धरायला लागली होती. सोलापूरच्या गाड्या निघाल्याचा आवाज आला, धूळ उडाली, खाली बसली. दानेश्वरीला तिच्याशी काहीतरी बोलावंसं वाटत होतं, आणि जे जे सुचत होतं ते सगळं सकाळीच बोलून झालं होतं.

महानंदानं हात धुतले, पदराला पुसले. ताट उचललं. दगडावर बसली ती दानेश्वरीकडं पाठ करून. तिनं उंडा कुस्करला. पाठीवरनं नुसतं कोपर हलताना दिसत होतं. ती सावकाश जेवली, मधे एकदाही न वळता, आणि शेवटी ताट बोटानं निपटलं.

ताट धुऊन ती उठली. भरलेलं ताट आलं की ते रिकामं परत देत नाहीत. महानंदानं कोपीत डोकावून बघितलं. वाटून वाटून काही उरलं नव्हतं. ती ताट हातात धरून तशीच उभी राहिली.

"उद्यापासनं हरबऱ्याची खुरपणी हाय," ती म्हणाली. "सावडीला ये, कामाच्या बदली काम. मग आमी येतो तुमचा गाळ काढायला."

दानेश्वरीनं मान हलवली आणि ताट घेतलं.

महानंदा वाकली. झोपलेल्या पोराची मांडी तिनं उघडी करून बघितली. सुईची जागा अजून लाल होती, त्यावर तिनं ओल्या हाताचा तळवा ठेवला, जरा वेळ तसाच.

"पोराची झोळी घेऊन ये येताना," ती म्हणाली. "लिंबाला बांधू."